साखळी सोडायची नाही

बाबांचा दात काढला त्या दुपारी आमच्या पॅसेजच्या भिंतीतून रक्त यायला लागलं. कॅलेंडरच्या खाली बोटभर फट होती आणि तिथून धार लागली होती. मी कॅलेंडर काढून बघितलं. भिंत हिरडीसारखी गुलाबी आणि मऊ झाली होती.

"बाबा, भिंत गळतीये!" मी ओरडले.

"कापूस दाबून धर," बाबा आतल्या खोलीतून म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात कापूस होताच.

आमचा पॅसेज लांबलचक आहे. एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला बाबांची खोली. याच पॅसेजमध्ये बाबांनी मला दम धरायला शिकवलं. कबड्डी कबड्डी म्हणत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, दम तुटला की बाद. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवली, तेव्हापासून ते नुसते खुर्चीत बसून माझा दम ऐकतात. आणि यंदा मी शाळेच्या टीमची कॅप्टन झाले! मी! आठवीपर्यंत हजेरीला तोंड उघडायलासुद्धा घाबरणारी मी.

आई दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेली होती. जाताना तिने बाबांची रक्त पातळ करायची गोळी माझ्यावर सोपवली. दाताच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होईल. पण घरात एवढं रक्त वाहत असताना रक्त पातळ करायची गोळी कोण देतं? मी ठरवलं, आज नको. गोळी मुठीत घट्ट धरली आणि दारातून डोकं बाहेर काढून टीमला हाक मारली. माझी हाक आता तीन गल्ल्या ऐकू जाते.

सहाही जणी लगेच आल्या. मी परत लावलेलं दार न उघडता खालच्या फटीतून आल्या, कारण त्या चकत्यांसारख्या गोल आणि सपाट झाल्या होत्या.

"अगं, तुम्ही अशा कशा?" मी विचारलं.

"प्लेटलेट्स आहोत ना आपण," रुकसार म्हणाली. "रक्तपट्टिका. पुस्तकात नाही का?"

"कॅप्टन, लवकर सांग," दीक्षा म्हणाली. "आमचं आयुष्यच दहा दिवसांचं असतं."

मी फट दाखवली. रुकसारने तिला हात लावला. म्हणजे आधी हात नव्हता, लावता लावता फुटला. मग दुसरा, मग तिसरा. ती भिंतीला चिकटली, दीक्षा तिला चिकटली.

"साखळी!" मी ओरडले. "सोडायची नाही!"

धार बारीक झाली. मग नुसते थेंब. शेवटी सुपारीएवढी जागा उरली, तिथे मी हात दिला. गोळीचा हात. रुकसारने माझी मूठ धरली आणि रक्त थांबलं. शप्पथ, इतकं सोपं होतं! मी एका पायावर नाचले.

पण माझी हाक थांबली नव्हती. ती अजून गल्लीगल्लीतून फिरत होती आणि पोरी येतच होत्या. दुसऱ्या शाळेच्या आल्या, गेल्या वर्षी आम्हाला हरवणाऱ्यासुद्धा आल्या. दाराखालून सरकायच्या, हात फुटायचे, चिकटायच्या. कोणता हात कोणाचा ते मला कळेना. माझा दुसरा हात कोणी धरलाय तेही कळेना. पॅसेज समोरच्या भिंतीपर्यंत भरला. मग छतापर्यंत.

"शलाका," आतून बाबांचा आवाज आला. "गोळी दे ना गं. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतंय."

"आले बाबा!" मी म्हणाले आणि टीमला सांगितलं, "सोडा."

कोणीच हललं नाही.

"मी कॅप्टन आहे. सोडा म्हणते ना!"

"ते तू शिकवलं नाहीस," दीक्षा म्हणाली. तिचा सूर चिडका नव्हता. तिने खरंच आठवून बघितलं होतं.

मीही आठवून बघितलं. रोज सकाळी दीड तास प्रॅक्टिस. धरायचं कसं, एवढंच.

"रक्त थांबलं का?" रुकसारने विचारलं.

"थांबलं."

"मग झालं की."

"पण बाबा?"

"सगळंच थांबलंय," ती म्हणाली.

मुठीतली गोळी घामाने ओली झाली होती. आतल्या खोलीत खुर्ची करकरली. बाबा उठले होते. त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

बाबा चढाईला आले होते. आवाज पॅसेजच्या मध्यापर्यंत आला. तो बारीक होत होता, पण तुटला नव्हता. माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरींनी पाय रोवले. मला सोडा म्हणायचं होतं, पण तोंडातून कुठला शब्द निघतोय तेच मला कळेना.

पोरींच्या खांद्यांमधल्या फटीतून बाबांचा हात आत आला. तळवा वर, गोळीसाठी पसरलेला.

आणि माझ्या टीमने, मी शिकवलं होतं अगदी तसंच, त्यांचं मनगट पकडलं.