तो फेस माझाच होता

मी पोरबंदरच्या किनाऱ्यावरचा चुनखडीचा दगड बोलतोय. चार दिवस झाले, पण धक्क्यातून अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म समुद्रातला. शंखशिंपल्यांचा चुरा साठत साठत माझं अंग झालं. खाऱ्या वाऱ्याने माझ्या भाऊबंदांना भोकं पाडली, त्यांच्या कडा खाल्ल्या. मला खाणीतून काढून ट्रकमध्ये घातलं, तेव्हा वाटलं, सुटलो बुवा!

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये माझी पाटी झाली. बदलापूरच्या शिरगावात धोंडिबा नुकताच वारला होता. तरुणपणी मिठागरात राबलेला माणूस, म्हातारपणी सही करायला शिकलेला. त्याचा मुलगा प्रमोद तीच वेडीवाकडी सही कागदावर घेऊन आला आणि कारागिराने ती माझ्यावर कोरली.

घराच्या दाराशेजारी मला बसवलं. धोंडिबाची बायको अंजना हिची नजर काचबिंदूने गेलेली. रोज अंघोळ करून ती यायची आणि सहीवरून बोट फिरवायची. नवऱ्याचं नाव तिने लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच. एरवी 'प्रमोदचा बापूस'. त्यामुळे बोट फिरायचं, ओठ मिटलेले असायचे.

धुराने, शेवाळाने मी काळवंडलो. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार म्हणून सून भावनाने फरशीचं ॲसिड आणलं.

"आई, पाटी कसली काली पडलीय! थांबा, चकाचक करते."

ओतताच फेस उसळला. ती खूश!

"बघा, किती मळ निघतोय!"

अहो, मळ कसला? तो फेस मीच होतो! चुनखडीवर ॲसिड ओततं का कुणी? मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण दगडाचं ऐकतो कोण! बिचारीने मन लावून तीनदा ओतलं, तीनदा घासलं. कोरीव काम आधीच उथळ. समुद्राने माझं जेवढं खाल्लं नसेल, तेवढं पाव तासात गेलं.

दुसऱ्या दिवशी अंजनाचं बोट आलं. वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"भावने, पाटी बदलली काय गो?"

"नाय आई, तीच हाय. धुतली फक्त..." भावनाने आता कुठे नीट पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

म्हातारी रडली नाही. माझ्यावर तळहात टेकवून मोठ्याने म्हणाली, "धोंडिबा."

उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव. भावनाने तोंडावर पदर घेतला.

शेवटच्या 'बा'चा काना तेवढा माझ्यावर उरलाय. हात जोडून सांगतो, त्याला ओल्या फडक्यापलीकडे काही लावू नका. रोज सकाळी अंजनाचं बोट त्यावर येऊन थांबतं आणि उरलेलं नाव ती स्वतः म्हणते.