साठच्या काट्यावरचा पायगुण

गोदामात सत्तर-ऐंशी माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या मधोमध आमची पिकअप. अठरा वर्षांची, निळी, उजव्या दारावर पोचा आलेली. गाडीबाबांनी तिच्या बॉनेटवर कान टेकवला होता. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"बोल," बाबा बॉनेटला म्हणाले. "लाजू नकोस. कोण बसलंय आत?"

बॉनेट काय बोललं ते आम्हाला ऐकू आलं नाही, बाबांना मात्र आलं. डोळे मिटूनच ते म्हणाले, "साठ! साठच्या काट्यावर ही अंग झाडते. खरं की खोटं?"

"खरं!" माझा मुलगा जवळजवळ ओरडलाच. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. मी दाराजवळच्या टेबलाकडे पाहत होते. तासाभरापूर्वी तिथेच बाबांच्या चेल्यानं मुलाला पाणी दिलं होतं, पाठीवर हात ठेवून "काय त्रास आहे, भाऊ?" विचारलं होतं आणि सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. वहीतलं बॉनेटनं सांगितलं, एवढंच. पण देवाच्या नावानं जमलेल्या माणसांत पटकन तोंड उघडायची मला सवय नाही. मी हातातली माळ घट्ट धरून गप्प राहिले. चुकलंच माझं. कारण बाबांचा पुढचा प्रश्न होता, "घरात नवं कोण आलंय?"

माझ्या नणंदेनं, वन्संनी, सरळ बोट दाखवलं. माझी सून शेजारीच उभी होती. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आमच्या घरात आलेली पोर.

"पायगुण," बाबा म्हणाले.

सगळं गोदाम तिच्या पायांकडे बघायला लागलं. तिनं पाय मागे घेतले, जशी काही चिखलातच उभी होती.

उपायही लगेच निघाला. लाल कापडात घट्ट शिवलेली एक पोटली रेसच्या पट्टीखाली बांधायची. ड्रायव्हर लोक अ‍ॅक्सिलरेटरला रेस म्हणतात, बाबाही तसंच म्हणाले. आणि सुनेला एक्केचाळीस दिवस माहेरी ठेवायचं. मग गाडी पुन्हा आणायची. गाडी 'हो' म्हणाली तर मुलगी परत, 'नाही' म्हणाली तर तिथेच.

म्हणजे आता आमच्या घरात कुणी राहायचं ते पिकअप ठरवणार होती.

मुलाचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण तो हैराण झाला होता. आमचं काम काचांच्या वाहतुकीचं. आमच्या यांनी गाडी घेतली तेव्हापासून घरचा एकच नियम होता, मोकळ्या रस्त्यावर साठ. साठच्या वर काच थरथरते, साठच्या खाली दिवस पुरत नाही. हे गेले, मुलानं तोच नियम चालवला. आणि गेले तीन महिने नेमकी साठला गाडी मध्येच दचकायची. कुणीतरी मागून ओढावं, मग ढकलावं, तशी. दोनदा तावदानं तडकली. काचवाल्या शेठनं निरोप पाठवला होता, "आणखी एकदा झालं तर दुसरी गाडी बघतो." गॅरेजमध्ये मिस्त्रींनी प्लग बदलले, फिल्टर बदलला. गल्लीत फिरवून पाहिलं की गाडी गरीब गाय. गल्लीत साठनं कोण चालवणार?

पोटली बांधली आणि झटके थांबले. अगदी त्याच दिवसापासून.

"बघितलंस?" वन्सं म्हणाल्या. "तू एवढी देवाधर्माची, आणि तुलाच पटत नाही!"

"झटके थांबले ना, वन्सं? मग तिला कशाला पाठवायचं?"

"अर्धा उपाय उलटतो. तिची बॅग भर."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. गाडी रिकामी होती. मुलगा स्टिअरिंगवर, मधे मी, खिडकीशी सून, तिच्या मांडीवर बॅग. सकाळचा पहिला तास माझं मौन असतं. वीस वर्षांचा नेम आहे, प्रवासातही मोडत नाही. माळ ओढायची आणि बघत राहायचं. त्या दिवशी ते दोघंही बोलत नव्हते, त्यामुळे गाडीत तीन मौनं होती.

घरापासून नदीच्या पुलापर्यंत माझ्या पाच माळा होतात. कधी चार मणी इकडे, कधी तिकडे, पण पाच. त्या दिवशी पाच संपल्या आणि पूल आलाच नाही. सहावी पूर्ण झाली तेव्हा कठडे दिसले.

तास संपल्यावर मी आधी तेच विचारलं, "हळू चालवतोयस का रे?"

"नाही गं. पाय पूर्ण टेकलाय."

"कशावर टेकलाय?"

त्यानं खाली पायाकडे पाहिलं. "पोटलीवर."

झटक्याच्या धसक्यानं त्यानं काट्याकडे बघणंच सोडलं होतं. मी पाहिलं. पन्नास. "मग ही साठला जातच नाही. जिथे झटके येत होते तिथे आपण पोचतच नाही, आणि म्हणतोय झटके थांबले. गाडी बाजूला घे."

"आई, बाबांनी सांगितलंय, पोटली काढली तर—"

"पाप लागलं तर मला लागू दे. काढ."

पोटली हातात घेतली तर लाकडासारखी टणक. मी ती पिशवीत टाकली. गाडी पुढे निघाली. पन्नास, पंचावन्न, साठ आणि धाडकन झटका! पाठोपाठ दुसरा. मुलानं नकळत सुनेकडे पाहिलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही.

सून मात्र काट्याकडे बघत होती. "अहो, जरा कमी करा."

गाडी शांत.

"आता सत्तर करा ना."

गाडी पुन्हा शांत, लोण्यासारखी.

"परत साठ."

झटका!

"भूत फक्त साठलाच बसतं वाटतं," मी म्हटलं. "सत्तरला घाबरतं."

तेव्हा ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "आई, हे तर आमच्या दुकानातल्या रेडिओसारखं आहे." तिचे वडील रेडिओ दुरुस्त करतात, लहानपणापासून ती त्यांच्याजवळ बसलेली. "आवाजाचं बटण लोक वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवतात. आतली पट्टी नेमकी तिथेच झिजते. मग तिथे आलं की खरखर, पुढेमागे केलं की स्वच्छ. गाडीत तसं काही असतं का हो?"

मुलानं गाडी वळवली. व्याह्यांकडे न जाता आम्ही थेट मिस्त्रींच्या गॅरेजसमोर थांबलो.

मिस्त्रींनी सुनेचं बोलणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तीन महिने मी प्लग पुसत बसलो!" इंजिनाच्या हवेच्या झडपेला एक काळी डबी असते. पाय किती दाबलाय ते ती इंजिनाला कळवते. मिस्त्रींनी तिला मीटर लावला आणि झडप हळूहळू उघडली. मीटरचा काटा सरळ वर चढत गेला, एका जागी धपकन खाली पडला, पुन्हा वर.

"हे बघा, अठरा वर्षं पाय एकाच जागी. तिथली पट्टी गेली. इंजिनाला वाटतं, ड्रायव्हरनं पाय उचलला. ते पेट्रोल तोडतं, लगेच पुन्हा देतं. हाच तुमचा झटका."

मी पोटली पुढे केली. त्यांनी ती दाबून पाहिली आणि हसतच सुटले. "रेसखाली ना? अहो, भाड्यानं गाड्या देणारे मालक असा ठोकळा ठोकतात, ड्रायव्हरनं वेग वाढवू नये म्हणून. ज्यानं ही शिवलीय त्यानं असला ठोकळा पायाखाली घेऊन वर्षं काढली असणार."

डबी लगेच बदलता आली असती. मीच म्हटलं, "उद्या बदला. आज मीटर घेऊन माझ्याबरोबर चला."

गोदामात बाबांचा कान एका स्कूटरवर होता. वन्सं पहिल्या रांगेत होत्या. मी मोठ्यानं बोलत नाही, त्यामुळे लोकांनाच गप्प व्हावं लागलं.

"महाराज, शंका आहे एक. पोटलीत शक्ती आहे ना?"

"अपार!"

"मग ती टपावर बांधते. मुलगा साठनं चालवेल. तुम्ही शेजारी बसा."

"टपावर कशी चालेल? रेस अडायला नको का?" बाबा बोलून गेले आणि जीभ चावली.

मिस्त्री म्हणाले, "म्हणजे रेस अडवायचीच होती. वेग अडला की झटका संपला." त्यांनी शिवण उसवली. आतून लाकडी ठोकळा निघाला, कडा व्यवस्थित तासलेल्या. गोदामात हशा पिकला.

"श्रद्धा नाही या बाईची!" बाबा ओरडले.

"माझा नेम वीस वर्षांत चुकलेला नाही, महाराज. तुमची लबाडी मला माळेवरच सापडली."

मग मिस्त्रींनी आमच्या गाडीचं बॉनेट उघडून डबीला मीटर लावला. माणसं एकेक करून मीटरवर वाकली, काटा पडताना पाहिला आणि मागच्याला जागा करून दिली. स्कूटरवाला आपली स्कूटर हळूच ढकलत बाहेर घेऊन गेला. सगळ्यांचं बघून झालं तेव्हा बाबांची गादी रिकामी होती. चेला वही पोटाशी धरून पळत होता.

वन्सं खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे पायगुण नव्हताच?"

"होता ना, वन्सं. पण तो आपल्या मुलाच्या उजव्या पायाचा, आणि त्याआधी तुमच्या भावाच्या."

त्या गाडीजवळ आल्या, आत बसलेल्या सुनेच्या मांडीवरची बॅग उचलली आणि घरापर्यंत स्वतः धरून बसल्या. मुलानं माफी मागितली, पण सुनेनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. मला ते योग्यच वाटलं.

देवापुढे मी आजही बसते, उद्याही बसेन. मन स्थिर राहावं, नजर स्वच्छ राहावी, एवढंच मागते. झिजलेली पट्टी बदलणं देवाचं काम नाही, आणि ते त्याच्या नावावर विकणाऱ्याचं तर मुळीच नाही. तुमच्याकडे काही अडलं, दचकलं, बिघडलं तर विचारा, कधी होतं, कधी होत नाही, काय बदललं की थांबतं. आणि घरातल्या पोरीकडे बोट दाखवण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघा.