साठावी जोडी

संगणकात एकशे वीस स्कॅन होते. साठ जुन्या यंत्रावरचे, साठ नव्या. प्रत्येक जोडी एकाच डोळ्याची आणि एकाच दिवशी घेतलेली. यादीच्या माथ्यावर तरी तसं लिहिलेलं होतं.

दवाखान्यातलं जुनं यंत्र निकालात निघालं होतं. डोळ्याच्या पडद्यातला मज्जातंतूंचा थर ते जाड दाखवायचं, नवं यंत्र तोच थर पातळ. त्यामुळे काचबिंदूच्या रुग्णाचा थर खरंच झिजला की नुसतं यंत्र बदललं, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून दवाखान्याने संगणकाचं काम जाणणारी एक मुलगी नेमली होती. जुना स्कॅन नव्या यंत्रावर कसा दिसला असता, हे संगणकाला शिकवायचं. तीन आठवडे ती त्याच्यामागे हात धुऊन लागली होती.

तिच्या बाबांचा डावा डोळाही याच रुग्णांच्या रांगेत होता. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी जुन्या यंत्रावर थर ८४ मायक्रॉन होता, गेल्या महिन्यात नव्यावर ७२.१. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "खरी झीज पाचच्या वर निघाली तर ऑपरेशन. नाहीतर थेंब चालू ठेवू."

दुपारी तिने बाबांचा जुना स्कॅन संगणकाला दिला. उत्तर आलं ७२.३. तिने लगेच फोन लावला.

"बाबा, झीज नाहीच म्हणा. नुसता यंत्राचा फरक. दोन दशांश सोडले तर तंतोतंत जुळलंय!"

"बाकीच्यांचंही असंच जुळतं का गं?"

"नाही. चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या दहा डोळ्यांत सरासरी १.६ची चूक आहे."

"मग माझ्यावरच एवढी मेहरबानी का? दोन घड्याळं काट्याला काटा जुळली, की मी आधी बघतो, कुणी एकाचं बघून दुसरं लावलंय का."

"तुम्हाला आनंद म्हणून होत नाही."

"होतोय की. तू बघून घे, मग पुरता होईल."

तिने जोड्यांच्या तारखा एकेक करून तपासल्या. एकोणसाठ जोड्यांत दोन्ही तारखा एकच. साठावी जोडी बाबांची. दोन स्कॅनमध्ये तीनशे ब्याण्णव दिवस.

स्कॅन काढणाऱ्या तंत्रज्ञांना सगळा दवाखाना मामा म्हणायचा. ते नव्या यंत्राची हनुवटी टेकवायची पट्टी पुसत होते.

"मामा, बाबांची जोडी तुम्ही लावलीत?"

"मग काय! बाबा नव्या यंत्रावर आले त्या दिवशी जुन्याचा दिवा गेला होता. अहवालात एकोणसाठ कसं दिसतं गं? म्हटलं, घरचाच डोळा, जुना स्कॅन पडूनच आहे. दिला जोडून."

"म्हणजे वर्षभराची झीज तुम्ही यंत्राचा फरक म्हणून शिकवलीत. संगणकाने ती घोकली आणि मी विचारल्यावर धडाधड म्हणून दाखवली."

मामांचा हात थांबला. "एका जोडीने एवढं बिघडतं?"

"बाकीच्यांचं काही नाही. बाबांचं सगळंच."

"चुकलंच माझं." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "त्यांना सांगून झालं असेल."

"झालं."

"आता?"

तिने जागेवर येऊन साठावी जोडी काढली, यादीच्या माथ्यावर जोड्यांचा आकडा साठाचा एकोणसाठ केला आणि शिकवणी पहिल्यापासून सुरू केली. चार तास लागले. मधे मामा दोनदा चहा ठेवून गेले. पहिला तसाच निवला.

दहा डोळ्यांवरची सरासरी चूक पुन्हा १.६ आली. मग तिने बाबांचा स्कॅन दिला.

जोड्या ५९. जुन्या यंत्रावर ८४. नव्यावर दिसला असता ७८.९. नव्यावर प्रत्यक्ष ७२.१. खरी झीज ६.८ मायक्रॉन.