नियत ओळखणारं खोकं

मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून माणसं थेट नंदाखाल गावातल्या आमच्या नाविक कुटुंब मंडळात आली होती. टेबलावर एक काळं खोकं, त्याला दोन निळे दिवे. जयवंतीकाकूंनी त्याच्यावर सोनचाफा वाहिला होता आणि दुसऱ्या कुणीतरी शेजारी मेणबत्ती लावली होती. एकाच खोक्याला दोन धर्मांचा नमस्कार मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे खोकं मेल वाचत नाही," विरारहून आलेले धवल सर त्याच्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून म्हणाले. "हे पाठवणाऱ्याची नियत वाचतं. नियत! खोटा माणूस मेल लिहायला बसला ना, की इथे याला वास येतो."

"अरे देवा," जयवंतीकाकू म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

मी हेमाली. निर्मळहून स्कूटरने येते आणि मंडळाचं ऑफिस सांभाळते. आमच्या सभासदांची मुलं, नवरे जुन्या मालवाहू जहाजांवर आहेत. तिथे भर समुद्रात मोबाइल चालत नाही. मुलं जहाजाच्या पत्त्यावरून मंडळाला मेल करतात, मी तो छापून घरच्यांच्या हातात देते. जहाज बदललं की पत्ताही बदलतो. मागच्या महिन्यात एक खोटा मेल आला होता: जॉयसच्या नवऱ्याला चाच्यांनी पळवलंय, पासपोर्टच्या प्रती पाठवा. जॉयस ऑफिसातच कोसळली. तेव्हापासून सगळ्यांनी मेलची धास्ती घेतली आणि धवल सरांना कुणीतरी बोलावून आणलं.

आमचा सर्व्हर, म्हणजे मेल उतरवून घेणारा संगणक, येणाऱ्या प्रत्येक मेलची नोंद ठेवतो. कुठून आला, किती वाजता, केवढा होता आणि त्याचं पुढे काय झालं. या नोंदवहीला लॉग म्हणतात. सरांनी आठवडाभर आधी माझ्याकडून महिन्याचा लॉग मागून नेला होता, "मेलांची कुंडली मांडायला." खरा कुठला, खोटा कुठला, या माझ्या खुणाही त्यात होत्या. आता त्यांनी तेच चारशे बारा मेल खोक्यातून पुन्हा सोडले. भिंतीवरच्या पडद्यावर खऱ्याला हिरवी खूण, खोट्याला लाल. एकही चूक नाही. हॉल टाळ्यांनी दणाणला.

"उत्तरं आधी दिलीत आणि मग परीक्षा घेतलीत," मागच्या बाकावरून रोवेना टीचर म्हणाल्या. पस्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. "यात पोरगं नापास कसं होईल?"

"टीचर, सगळीकडे कसलं गणित करता?" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. टीचरांचं म्हणणं मला पटलं होतं. पण रोज सकाळी खोट्या, फालतू मेलांचा कचरा निवडून माझे डोळे दुखत होते, म्हणून मी सरांना खोकं सर्व्हरला जोडू दिलं.

खोकं बसलं. कचरा बंद झाला, अगदी बंद. सकाळी ऑफिस उघडावं, चहा घ्यावा, पाच-सहा मेल छापावेत की काम संपलं. लॉग उघडून बघायची मला गरजच वाटली नाही. खरं सांगायचं तर मी खूश होते.

रोज पाच वाजता सॅन्टन अंकल सायकलवरून यायचे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणत होते, दिवस घालवू नका. पण ऑपरेशनचं फोनवर जेमतेम कळवून होतंय तोच त्यांचा मुलगा फ्लॉईड दुसऱ्या जहाजावर चढला, आणि तिथला पत्ता आमच्याकडे नव्हता.

"काय गो पोरी, आलं काय त्याचं?"

"नाही अंकल."

"येईल. त्याला विचारल्याशिवाय मी टेबलावर झोपायचा नाय. त्याचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी दाखल होतो."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी अंकल केळीच्या बागेत पाणी सोडताना पडले, ते उठलेच नाहीत.

दफनानंतर चौथ्या दिवशी फ्लॉईडचं जहाज बंदराला लागलं. त्याने घरी फोन केला आणि मग मला.

"हेमालीताई, मी तीन मेल केले गं. तीनही वेळा लिहिलं, डॅडी, ऑपरेशन करून घ्या, माझी वाट बघू नका. तू दिले नाहीस का त्यांना?"

"लॉग बघते," मी म्हणाले. फोन ठेवला, स्कूटर काढली आणि टीचरांना घरून ऑफिसात घेऊन आले. आम्ही दोघींनी बसून लॉग उघडला. फ्लॉईडच्या नव्या जहाजाचा पत्ता तीनदा होता. तिन्ही ओळींच्या शेवटी एकच शेरा होता: टाकून दिला. पाठवणाऱ्याला कळवलंही नव्हतं. टीचरांनी एकेक ओळ वहीत उतरवून घेतली. त्या दिवसांत खोक्याने एकसष्ट मेल टाकले होते. बावन्न कचरा, नऊ खरे. नऊही असे, की ज्यांचा पत्ता जुन्या लॉगमध्ये कधी आलेलाच नव्हता.

पुढच्या रविवारी टीचरांनी सभा बोलावली. धवल सरही आले, अत्तर लावून.

"सर, तुमच्या खोक्याची एक परीक्षा घेते," टीचर म्हणाल्या. "या वेळी उत्तरं न देता."

त्यांनी सर्वांसमोर मोबाइलवर नवा पत्ता तयार केला आणि मेल पाठवला: मी सभेला आले आहे, रोवेना. पडद्यावर लाल खूण उमटली. मग त्यांनी आपल्या भाच्याच्या, एरॉलच्या, जुन्या लॉगमध्ये खरा म्हणून नोंदलेल्या पत्त्यावरून त्याला विचारून दुसरा पाठवला: तुमच्या मुलाला चाच्यांनी पळवलंय, पासपोर्टच्या प्रती पाठवा. खूण हिरवी आली.

"खोकं नियत वाचत नाही," टीचर म्हणाल्या. "त्याच्याकडे हेमालीच्या लॉगमधल्या खऱ्या पत्त्यांची यादी आहे. यादीतल्याला आत घेतं, बाकी सगळ्यांना फेकतं. चांगला असो, वाईट असो. इतकंच."

"शंका घेतली ना, की याची शक्ती उतरते," सर हसून म्हणाले.

"फ्लॉईडचे मेल फेकले तेव्हा कुणी शंका घेतली होती?"

सरांनी वायर काढली, खोकं उचललं आणि ते निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

अंकलच्या बायकोने, डेल्फिन आंटीने, टीचरांची वही मागितली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "ही कधीची?"

"अंकल गेले त्याच्या आदल्या दिवशीची, आंटी. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं."

"पाचला ते तुझ्याकडे आलेले."

"हो."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही आलं नाही म्हणून सांगितलं."

आंटीने वही मिटली आणि परत दिली.

चूक खोक्याची म्हणून मी सुटत नाही. लॉग माझ्याच टेबलावर होता, उघडायला एक मिनिट लागलं असतं. म्हणून जो भेटेल त्याला सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याची परीक्षा स्वतः घ्या, त्याने न पाहिलेल्या प्रश्नांवर घ्या. त्याने काय दाखवलं ते बघाच, पण त्याने काय फेकून दिलं तेही विचारा. नोंद कुठेतरी असते, ती उघडून वाचा. मी अकरा दिवस वाचली नाही.