बांगड्यांच्या फळीवरचं पाणी

नईमनं आजवर अकरा कॉम्प्युटर बनवले होते, असं तो सांगायचा. खरं म्हणजे त्यानं एक उघडला होता, आणि झाकण परत लावलं तेव्हा चार स्क्रू उरले होते. ते त्यानं जपून ठेवले होते, अनुभव म्हणून.

चंद्रपूरच्या गोल बाजारात त्याच्या फुफीचं, म्हणजे आत्याचं, सुलतानाबाईंचं, बांगड्यांचं दुकान. त्यातली एक फळी तिनं भाच्याला दिली होती. वरच्या फळीवर हिरव्या बांगड्या, खालच्या फळीवर लाल, मध्ये एकविसावं शतक. सालही तसं दोन हजार तीन चालू होतं, पण फळीवरून अजून काहीच खपलं नव्हतं आणि ईद दीड महिन्यावर आली होती.

"ईदेचा माल येऊन राह्यला," फुफी म्हणाली. "तोवर एक तरी मशीन विकून दाखव. फळी तुझी. नाई तं गपचूप गादीवर बस न् बायांच्या हातात चुड्या भर."

नईमनं हे काम आधी करून पाहिलं होतं. तो चुड्या भरायला बसला की बाया फुफीकडे पाहून हात मागं घेत.

त्याच आठवड्यात भूपेश आला. माजरीच्या कोळसा खाणीत तो पंपावर होता. खाणीत साचलेलं पाणी उपसून बाहेर फेकायचं, हे त्याचं काम. तिथल्या एका सायबाच्या क्वार्टरवर त्यानं बोटींच्या शर्यतीचा गेम पाहिला होता आणि तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"नईमभाऊ, त्याच्यात पाणी हाय. हलते! मले तसंच मशीन पाह्यजे."

दिवसाचे आठ तास पाणी फेकणाऱ्याला घरी पाणी कशाला हवं, हे नईमनं विचारलं नाही. पहिलंच गिऱ्हाईक होतं.

सोबत त्याचे काका होते, इस्तारी. आरमोरीकडचे ढिवर. चाळीस वर्षं गावच्या तलावात जाळं टाकत आलेले. त्यांच्या घरात नाव, बैल आणि सून इस्तारींनी पाहिल्याशिवाय येत नसे. कॉम्प्युटर यातल्या कशात मोडतो ते घरी ठरलं नव्हतं, म्हणून ते स्वतः आले होते.

"पसंत पडलं तं नेऊ," इस्तारी म्हणाले. "नाई तं चारची बस हाय."

म्हणजे नईमची फळी आता इस्तारींच्या मानेवर होती. ती हलेल तिकडं.

नागपूरच्या व्यापाऱ्यानं बसच्या पार्सलनं दोन मदरबोर्ड पाठवले होते. एक ठेवायचा, एक परत. नईमनं चंदेरी पिशव्यांतून ते काढले आणि मखमलीच्या गादीवर, जिथं एरवी गिऱ्हाइकाचा हात ठेवतात, तिथं ठेवले.

हिरव्या पाटीवर केसाहून बारीक सोनेरी रेघा. हजारो. वळणावर एकदम मिळून वळणाऱ्या, चरून परतणाऱ्या गाईंसारख्या.

"या अल्ला," फुफी हळूच म्हणाली. "हा कशिदा कोनं केला?"

नईमला दरवेळी वाटायचं, हे परकोटावरून पाहिलेलं चंद्रपूर आहे. मधे चौक, चौकातून गल्ल्या, आणि एकही गल्ली दुसरीला अडवत नाही. मग तो भानावर यायचा. म्हणजे चंद्रपूर नव्हेच.

"हा लहाना बोर्ड," त्यानं सुरू केलं. "याच्यात सगळं आतच हाय. जुनी मेमरी लागते, एकशे अठ्ठावीसची. आणि हा मोठा. याले नवी मेमरी, दोनशे छप्पनची. पाण्यासाठी चित्राचं कार्ड येगळं लावा लागते, ते या लांब खाचेत."

"मेमरी म्हणजे?" इस्तारींनी विचारलं.

"आठवण, काकाजी. मशीन जे करून राह्यलं ते त्याच्यात धरून ठेवते."

"न् बत्ती गेली तं?"

"सगळं विसरते."

महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या त्या शहरात बत्ती रोज जायची. इस्तारींनी समजुतीनं मान डोलावली. "तलावच म्हना ना. उन्हाळ्यात आटते."

नईमनं मासिकात वाचलेली सहा पानं या एका वाक्यात आली होती.

इस्तारी वाकून दोन्ही बोर्ड पाहत होते. हात मागं बांधलेले. "इथी खाचा रिकाम्या काऊन हायेत?" त्यांनी मोठ्या बोर्डाकडे हनुवटी केली.

"पुढं आणखी मेमरी टाकाची असन तं. आता तीनपैकी एकच भरू."

"न् लहान्यात?"

"लहान्यात पुढं काही नाई. जे हाय ते हाय."

"तं मोठाच घे, भूपेश. मासोळीनं भरल्या तलावात कोनी बोटुकली पिल्लं सोडते का? जागा पाह्यजे वाढाले."

असा चंद्रपूरच्या गोल बाजारात मदरबोर्ड निवडला गेला. प्रोसेसर बसला, पंखा बसला. मग नईमनं मेमरीची पट्टी खाचेवर धरली आणि दाबली.

जाईना.

आणखी दाबली. बोर्ड लवला. नईमच्या नाकावरून घामाचा थेंब निघाला, तो त्यानं हवेतच बाहीवर झेलला.

"आतापर्यंत किती बनवले म्हनले?" भूपेशनं विचारलं.

"अकरा."

"त्याईच्या वेळीबी असाच घाम येत होता?"

इस्तारींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

"सरक," फुफी म्हणाली.

"फुफी, हात नको लावू, चुडी नोहे ते!"

"तेच पाहून राह्यली मी. चुडीची अशी बेअदबी केली असती तं तुले बाहेर काढलं असतं." तिनं पट्टी घेतली, ट्यूबलाइटकडे धरली, एक डोळा मिटला. गोल बाजारातल्या निम्म्या मनगटांचं माप तिनं आजवर असंच, लांबून, ओळखलं होतं. "हिची खाच डावीकडं. तिथी उंचवटा उजवीकडं. उलटी घालून राह्यला ना, गाढवा."

तिनं पट्टी फिरवली. "न् एका बाजूनं नाई दाबत. दोन्ही अंगठे, बराबर. जोर नाई लावाचा, वजन ठेवाचं. चुडी आपोआप सरकते."

खट्. खट्. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या स्वतःहून मिटल्या. नईमनं आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकला नव्हता. फुफीनं सवयीनं बोर्डाला दुवा दिली, नव्या नवरीला देतात तशी.

लांब खाचेत चित्राचं कार्ड बसलं, पडद्याची वायर जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला. एकच बारीक शिट्टी, आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे चढू लागले. सरसर, कोणी न सांगता, थेट दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीसपर्यंत.

"काय मोजून राह्यलं?" इस्तारींनी कुजबुजत विचारलं.

"आपली मेमरी, काकाजी. उठल्याबरोबर पह्यले तेच करते."

"मले किती आठवते ते मी कधी मोजलं नाई," इस्तारी म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी चपला काढल्या.

चारची बस गेली. बाकीची जुळवाजुळव चालली होती, मधे बत्ती गेली, आली, मशीन विसरलं, पुन्हा पहिल्यापासून शिकलं. चुड्या भरायला आलेल्या दोन बाया हात तसेच पुढं धरून पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या. साडेपाचला मशीन फळीवर चढलं आणि गेम उघडला.

निळं पाणी. बोटीखाली फुटणारं, मागं फेस सोडणारं, सूर्य अंगावर तुकडे तुकडे करून घेणारं. भूपेशनं बोट पळवायला घेतली, तर इस्तारींनी त्याचा हात धरला. "थांबव. पाहू दे."

बोट थांबली. पाणी हलत राहिलं. इस्तारी बराच वेळ पाहत होते. नईम त्यांच्या मानेकडे पाहत होता.

"लाट इकडं जाऊन राह्यली," शेवटी ते म्हणाले, "न् किनाऱ्यावरचा झेंडा तिकडं. बनवनारा नावेत बसला नाई कधी."

नईमचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

"पन माती नाई, ओल नाई, न् पानी पान्यासारखं वागून राह्यलं!" इस्तारींनी पडद्यासमोर हात जोडले, दरवर्षी जाळं टाकण्याआधी तलावाला जोडायचे तसे. "भूपेश, बांध. घरच्याईले दाखवू."

मशीन खोक्यात गेलं, खोकं ऑटोत, आणि फळी रिकामी झाली. नईम ती पुसत होता. तिच्या समोर हिरव्या चुड्यांची एक लड वरून लोंबत होती. फुफीनं स्टुलावर चढून ती काढायला घेतली.

"ईदेचा माल इथी लावतं का?" नईमनं भीत भीत विचारलं.

"नाई. ही लड मधात येते. गादीवरून मले पानी अर्धंच दिसलं." ती खाली उतरली. "दुसरं मशीन कधी बनवतं?"