रोझलीनचा आकडा

माझ्या बायकोला, रोझलीनला, हसता येत नसे. हसू यायचं, पण ओठ वर जात नसत. तिचे स्नायू आधी चेहऱ्याचे झिजले, मग खांद्यांचे, मग पायांचे. गावात लोक तिला गर्विष्ठ समजायचे.

शहरातल्या इस्पितळात एक अभ्यास सुरू झाला, त्यात तिला घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आजारात स्नायूंवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार असतो. प्राणवायू वापरताना जे घातक उरतं, ते स्नायूंना आतून खातं." मी समुद्रात कालवं, म्हणजे खायचे शिंपले, पिकवणारा माणूस. खाऱ्या पाण्यात लोखंड कसं जातं ते रोज बघतो, म्हणून मला ते लगेच कळलं. उपाय होता जीवनसत्त्वांचा, सी आणि ई. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा. कुणाला कुठल्या, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सहा महिन्यांनी मांडीचा जोर यंत्रावर मोजायचा.

रोझलीनला स्वतःची आशा नव्हती. पण आजार घराण्यातला. तिच्या भावाच्या मुलीला, नोएमीला, नवव्या वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकता आल्या नव्हत्या.

"माझं जाऊ दे," रोझलीन म्हणाली. "त्या पोरीसाठी माझा आकडा त्यांच्या कागदात हवा."

तीन महिने झाले तरी ती जिन्यात दमायचीच, उलट जास्त. माझी खात्री झाली, हिच्या वाट्याला खोट्या गोळ्या आल्यात. आमचा औषधवाला बडबड्या, म्हणून मी शेजारच्या गावाहून जीवनसत्त्वं आणली. सीच्या गोळ्या कुटायचो, ईच्या मऊ कॅप्सूल सुईने टोचून पिळायचो, आणि दोन्ही तिच्या सूपमध्ये.

"मार्सियाल, सूप आंबट का रे?"

"टोमॅटो कच्चे निघाले."

"जन्मभर कालवं विकलीस. टोमॅटो काही पारखता आला नाही तुला."

सहाव्या महिन्यात रक्त तपासलं. त्यात जीवनसत्त्वं गोळ्यांच्या हिशोबापेक्षा जास्त निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मादाम, बाहेरून काही घेत होतात?"

रोझलीनने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"हो," ती म्हणाली. "घेत होते."

"मग तुमची मापं काढून टाकावी लागतील. नियम आहे."

गाडीत मी म्हणालो, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून आकडा परत मिळाला असता?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मी मागितलं होतं? गाडी चालव."

पुढे सात वर्षं आम्ही एकत्र जेवलो. सूप तिने पुन्हा घेतलं नाही. तिला खऱ्या गोळ्या होत्या की खोट्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गेल्या फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने गेली.

मातीनंतर सगळे घरी जेवायला आले. नोएमी आता सोळाची आहे, ताट दोन्ही हातांनी उचलते. तिने विचारलं, "काका, आत्या त्या अभ्यासात होती ना? तिचं काय निघालं?"

सगळे ऐकत होते. मी सांगितलं. सूपसकट.

तिचा बाप उठून बाहेर गेला. 

"नवीन अभ्यास सुरू होतोय," नोएमी म्हणाली. "मी नाव दिलंय. तुम्ही फक्त माझ्या खाण्याला हात लावू नका."

मी तिच्यापुढे ठेवलेली सूपची वाटी तिने बाजूला सारली आणि पाव कोरडाच खाल्ला.