सीटला पडलेलं भोक

बोट पुन्हा तिथेच गेलं. हातमोजा काढून मांडीवर ठेवलेला, आणि बेरिलचं ते सुरकुतलेलं बोट सीटच्या कडेवरून खाली, शिवणीपाशी, मग जरासं मागे... आणि थांबलं. नवं कातडं गुळगुळीत होतं. तिथे काहीच नव्हतं. बोट वर गेलं, पुन्हा खाली आलं. क्लिफर्ड स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला, पण लक्ष सगळं त्या बोटाकडे.

समोर सगळं यथासांग होतं. जुन्या ट्रॅकवरचा वर्षातून एकदाचा मेळावा : साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या, साठ वर्षांपूर्वीचे कपडे, आणि रेसच्या इंजिनांत तेल म्हणून घालतात त्या एरंडेलाचा जळका वास. लोक म्हणतात, हौस. हौस कसली डोंबलाची! इथे एक दिवस बेरिल वेडी ठरत नाही, म्हणून मी येतो. घरी तिला साल विचारलं की ती एकोणीसशे एकसष्ट सांगते आणि डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहितो. इथे सगळेच तिच्या सालात राहायला आलेले असतात. आणि या गाडीत बसली की तिचं बोट त्या भोकात जायचं, मान वळायची — "क्लिफ, अजून रागावलायस का रे माझ्यावर?" बस्स, एवढंच. वर्षभर ती त्याला, स्वतःच्या नवऱ्याला, परक्यासारखं अहो-जाहो करते, घरकामाला ठेवलेला माणूस समजते. त्या एका वाक्यावर तो बाकीचे दिवस ढकलायचा.

रागावला होताच तो. एकसष्ट साली, याच गवतावर, शेजारच्या गाडीचं इंजिन फटाक्यासारखं फाडकन वाजलं, ती दचकली आणि पेटती सिगारेट सीटवर पडली. ती हसत सुटली. आणि मी — नव्या गाडीचा मालक, तेवीस वर्षांचा दीडशहाणा — घर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. पुढेही ते भोक दिसलं की कपाळाला आठी.

मग गेल्या वर्षी इथल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांनी कागदावर लिहिलं, 'सीट जळकी'. बाकी गाडी मूळ होती तशी, अगदी स्क्रूसुद्धा. त्या दोन शब्दांनी त्याची झोप उडाली. हिवाळ्यात सीट नवी करून घेतली; तोच हिरवा रंग, तीच शिवण, कारखान्यातून आली होती तश्शी. "जुनं कातडं ठेवू का?" कारागीर विचारत होता. "काय करायचंय? टाका." ...काय करायचंय! अरे गाढवा.

"क्लिफ, लेका, नवरीसारखी नटवलीस की हिला!" दरवर्षी इथे भेटणारा नॉर्मन बॉनेटवर वाकला. अंगात वैमानिकाचा गणवेश. एरवी गडी विमानाच्या खिडकीशी बसायलाही घाबरतो. "आता नाव ठेवून दाखवा म्हणावं त्यांना. जागाच ठेवली नाहीस."

"जागाच नाही ठेवली," क्लिफर्ड म्हणाला.

नॉर्मन गेल्यावर बेरिलने हातमोजा परत चढवला, एकेक बोट नीट बसवत. "अहो, ही आमची गाडी नाही."

"बेरिल, आपलीच आहे."

"छे! आमच्या सीटला भोक आहे. मीच पाडलंय." तिने आवाज खाली आणला. "क्लिफ फार चिडलाय हो माझ्यावर. येईलच इतक्यात. त्याच्या जागेवर तुम्ही बसलेले दिसलात तर आणखी भडकेल."

"नाही भडकणार."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडासा."

शर्यतीचा भोंगा झाला, गर्दी कुंपणाकडे सरकली. बेरिल ट्रॅककडे बघतच नव्हती. टोप्यांखालचा एकेक तरुण चेहरा तपासत होती. सांगावं का — अगं, मीच तो... कुणाला पटेल? त्याने दार उघडलं, गुडघे सावरत उतरला, जागा मोकळी करून गवतावर जरा लांब उभा राहिला. कुठेतरी एक इंजिन फाडकन वाजलं. ती दचकली. हसली मात्र नाही. आणि मग तोही गर्दीत बघू लागला, त्या तेवीस वर्षांच्या फुरंगटलेल्या माणसासाठी — खरोखरच तो येईल असं वाटून, मान उंचावून. घरी जाताना तिच्याशी बोल रे, एवढंच त्याला सांगायचं होतं.